पयल्यांदाच आलाव काय?

सात रस्ता चौकातल्या ऑफिसातून बाहेर पडले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. काम वाटलं त्याच्या आधीच उरकलं होतं, परतीचं तिकीट रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं होतं आणि मधला सगळा वेळ मोकळा. नोव्हेंबर निम्मा सरला तरी ऊन टाळूवर बसत होतं. फाटकाशी एक रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे पाहिलं, आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी एवढ्या मोठ्यानं विचारलं, “पयल्यांदाच आलाव काय मॅडम सोलापूरला?”

मी म्हटलं, “हो.”

या ‘हो’ला आता चार महिने होतील, पण ते अजून दातात अडकलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं जिभेला लागतं. दुसरीत असताना आम्ही सोलापूरला आलो आणि बारावीची परीक्षा दिल्यावर मी तिथून निघाले. मधली सगळी वर्षं साखर पेठेतल्या दोन खोल्यांत गेली. माझे दुधाचे दात त्या घराच्या कौलांवर टाकलेले. कांजिण्या तिथल्या, पहिली सायकल तिथली, गणितातला पहिला आणि शेवटचा पैकीच्या पैकी मार्कही तिथलाच. आणि एका अनोळखी माणसानं साधा प्रश्न विचारला तर मी एका अक्षरात ते सगळं पुसून टाकलं. बरं, फायदा म्हणावा तर तोही नाही. उलट बाहेरगावचं माणूस म्हणून शंभर रुपये जास्तच गेले असतील.

चूक त्याचीही नव्हती. माझ्या बोलण्यात सोलापूरचं काही उरलेलंच नाही. पुण्याच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात मी कुणाला तरी “काय करायलालीस?” असं विचारलं आणि बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट नव्हत्या, नुसत्या हसल्या. दिवाळीपर्यंत माझ्या तोंडून ‘करायलालीस’ गेलं, ‘बे’ गेलं, ‘काय की’ गेलं. जीभ अशी लख्ख धुऊन निघाली की सुट्टीत आई म्हणाली, रेडिओवरच्या बाईसारखी काय बोलतेस? त्या धुण्याचा मला तेव्हा अभिमान होता. आता कुणी “मूळ कुठल्या?” असं विचारलं की मी ‘सोलापूर’ म्हणते आणि समोरचा म्हणतो, वाटत नाही हो. हे कौतुकानं म्हणतात आणि आपण ते कौतुक म्हणूनच घ्यायचं असतं.

तर रिक्षावाल्यानं मला सोलापूर दाखवायला घेतलं. पाचशे रुपये ठरले. आधी मंदिर, मग चादरी, मग म्हणाल तिथं. चाळिशी ओलांडलेला, काटक, कपाळावर गंध, आरशाला मार्कंडेयाचा छोटा फोटो. म्हणजे तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजातला, पूर्व भागातला. हे मला कळलं हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. मधेच फोन वाजला तसा तो तेलुगूत शिरला, आणि ‘अन्नम तिन्नावा’ एवढं माझ्या कानाला लख्ख समजलं. जेवलास का. कुणाच्या तरी ओसरीवर रोज संध्याकाळी ऐकलेला प्रश्न. मी खिडकीबाहेर बघत असल्याचं नाटक केलं. रिक्षाला खिडकी नसते हे तेव्हा लक्षात आलं नाही.

“सोळा गावं मिळून सोलापूर झालंय बघा,” तो ओरडून म्हणाला. आमच्या इतिहासाच्या बाई ही सोळा गावांची गोष्ट ऐकली की चिडायच्या. शिलालेखांत सोन्नलगी आहे, सोन्नलापूर आहे, सोळा-बिळा काही नाही, असं त्या फळ्यावर खडू आपटून सांगायच्या. ते माझ्या अगदी ओठावर आलं. पण पहिल्यांदाच आलेल्या बाईला सोन्नलगी कुठून माहीत असणार? मी “अच्छा” म्हटलं. पुढे दिवसभर मी हे ‘अच्छा’ वापरलं. खोटं बोलणं अवघड नसतं, खोटं बोलल्यावर गप्प बसणं अवघड जातं.

सिद्धेश्वराच्या तळ्याशी वारा होता. एका बाजूला भुईकोट किल्ल्याचे काळे बुरूज पाण्यात उतरलेले, मधे देऊळ, पायरीवर बसून कुरमुरे टाकणारी पोरं आणि त्यांच्यासाठी तोंड उघडून वर येणारे मासे. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त मला आठवायचं ते तळं समुद्राएवढं होतं आणि हे तळ्याएवढंच निघालं. संमती कट्ट्याकडे बोट करून तो सांगायला लागला, संक्रांतीला इथं अक्षता पडतात, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, सात नंदीध्वज येतात, लाख माणूस असतंय. मी मान हलवत होते आणि माझ्या मांड्यांना बाबांचे खांदे आठवत होते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, कमरेच्या पट्ट्यात तोललेले ते उंच ध्वज, एक जरा कलला की सगळ्या गर्दीचा रोखलेला श्वास. मग कुणीतरी लांबून संमती वाचायचा आणि “सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम” म्हटलं की चहूकडून तांदूळ. केसात तांदूळ, कॉलरमध्ये तांदूळ, बाबांच्या टकलावर तांदूळ. दिड्डम म्हणजे काय ते मी कधीच कुणाला विचारलं नाही. आमच्या आळीत अर्ध्या गोष्टी कानडीत व्हायच्या, अर्ध्या तेलुगूत, भांडणं दखनीत आणि शाळा तेवढी मराठीत. अर्थ न कळताही माणूस बरोबर वेळेला तांदूळ टाकायला शिकतो.

तिथून निघाल्यावर चार पुतळे लागले. त्यानं हात वर करून नमस्कार केला, हँडल न सोडता, एका हातानं. “चार हुतात्मे,” म्हणाला, “इंग्रजांनी फाशी दिली.” शाळेत ही नावं आम्ही एका दमात म्हणायचो: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मधे श्वास घेतला तर बाई पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. १९३० च्या मे महिन्यात गावात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघांना फाशी झाली. गंमत अशी की माझं पुण्यातलं ऑफिस येरवड्याच्या पुढे आहे. रोज सकाळी माझी बस त्या तुरुंगाच्या बाजूनं जाते आणि सिग्नल लाल असेल तर तिथेच थांबते. पहिल्या वर्षी मी मनातल्या मनात ती चार नावं म्हणायचे, श्वास न घेता. मग मोबाईल आले. आता सिग्नलला मी मेल बघते. पुतळ्यांसमोर मला एकदम तपासनीस आल्यासारखं झालं. म्हणून बघितली नावं. आली. तिसऱ्या नावाशी श्वास घ्यावा लागला, पण आली.

चादरींच्या दुकानात मात्र माझं पितळ उघडं पडता पडता राहिलं. दुकानदारानं गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि पुण्यामुंबईच्या बायकांना दाखवतात तसं दाखवायला सुरुवात केली. “हे बघा, इकडं लाल जमीन, हिरवा मोर. आता उलटी करतो. हिरवी जमीन, लाल मोर. दोन्हीकडनं वापरा.” मी “अरे वा” म्हटलं. आणि तोंड अरे वा म्हणत असताना माझ्या हातांनी परस्पर चादरीचा काठ पकडला, दोन बोटांत घेऊन चिमटीनं तिरका ताणला आणि नखानं बाणा, म्हणजे आडवा धागा, सरकतो का ते पाहिलं. हे मला शेजारच्या अव्वानं शिकवलं होतं. विणताना ठोक नीट बसली नसेल तर धागा नखाखाली चालतो. दुकानदार बोलायचा थांबला. “मॅडम लाइनमधल्या हायत काय?” म्हणाला. मी म्हटलं, यूट्यूबवर पाहिलं होतं. दारात उभा असलेला रिक्षावाला काही बोलला नाही, पण त्यानं पाहिलं.

आमच्या घराला लागूनच चार मागांचं शेड होतं. मधे एकच भिंत, तीही मातीची. खट्याक खट्याक खट्याक, सकाळी सातपासून रात्रीपर्यंत. ताटातली वाटी हलायची. पाहुणे पहिल्या दिवशी डोकं धरायचे, आम्हाला मात्र वीज गेली आणि माग थांबले की झोपेतून जाग यायची. मागावर टांगलेली जकार्डची ती भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डं माळेसारखी फिरायची, आणि कुठल्या भोकातून मोराची मान येते आणि कुठल्यातून पान, हे आम्ही पोरं तासन्‌तास ओळखत बसायचो. कधीच ओळखता आलं नाही. फाटलेली कार्डं आम्हाला खेळायला मिळत. डोळ्याला लावून सूर्याकडे बघितलं की अंगणात बिंदूबिंदूंचं ऊन पडायचं. शनिवारी शाळा सुटली की मी रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसायचे, मजुरी लेमनच्या गोळ्या. आणि बाजूला अव्वा, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. पान बोटावर घ्यायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, आणि तोंड खिळ्यानं आत दाबलं की विडी. बोलता बोलता, न बघता, पोराला हाक मारता मारता. मला तिनं शिकवली होती विडी वळायला. माझ्या विड्या पोटाशी फुगायच्या. संध्याकाळी विडी कंपनीच्या ब्रँचवर माल मोजून घेताना तपासणारा बोट घालून छाट काढायचा, आणि त्या छाटातल्या बहुतेक माझ्या असायच्या, हे मला खूप उशिरा कळलं. तेवढ्या विड्यांचे पैसे अव्वाला मिळत नसत. ती मला एकदाही म्हणाली नाही की आता पुरे.

चादर घेतली. न घेऊन कसं चाललं असतं?

जेवायला त्यानंच नेलं, खानावळीत. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वांग्याची भाजी. सोलापूरची शेंगाचटणी इतकी कुटलेली असते की दाण्याचं तेल तिच्या अंगावर दिसतं. पुण्यात त्या नावानं जे मिळतं तो तिखट लावलेला दाण्याचा कूट, यावर मी कुणाशीही भांडेन. त्याला बसा म्हटलं तर तो आधी नको म्हणाला आणि मग बसला. मी भाकरी ताटात ठेवली, मुठीनं एकदा दाबली, चुरा केला, त्यावर दही, दह्यावर चटणी, आणि कालवायला घेतलं. चार घास पोटात गेल्यावर मान वर केली तर तो माझ्या ताटाकडे बघत होता. “जमतंय की तुमाला,” एवढंच म्हणाला.

यानंतर मी “साखर पेठेत जाऊ” म्हटलं. पहिल्यांदाच आलेली बाई साखर पेठेत कशाला जाईल, हा प्रश्न रास्त होता, आणि तो त्यानं विचारायच्या आतच मी सांगून टाकलं की माझ्या एका मैत्रिणीचं घर होतं तिथं, तिनं फोटो काढून आण म्हणून सांगितलंय. खोट्याला असं पोरं होतात. कन्ना चौकातून पुढे गेल्यावर रस्ते इतके आकसले की समोरून टेम्पो आला तेव्हा आम्हाला मागं यावं लागलं. फ्लेक्सचे बोर्ड, मोबाईलची दुकानं, मधेच एखादं जुनं लाकडी खांबांचं दार. कापडाच्या खळीचा तो आंबूस वास आधी आला, आणि मी “इथून डावीकडे” म्हणून गेले. तो वळला. काही न बोलता वळला.

घर नव्हतं. म्हणजे तिथे घर होतं, पण ते आमचं नव्हतं. तीन मजली, स्टीलच्या रेलिंगचं, खाली कुरियरचं गोडाऊन. शेडच्या जागी पत्रा मारलेलं पार्किंग. पण मला जे चुकल्यासारखं वाटत होतं ते इमारतीमुळे नव्हतं. दोन मिनिटं मी नुसती उभी होते, आणि मग लक्षात आलं की मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू येतोय. त्या बोळात मी माझ्या चपलांचा आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. “माग गेले काय इथले?” मी विचारलं. तो म्हणाला, काही एमआयडीसीत गेले, काही भंगारात गेले. मग म्हणाला, मी बी मागावरच होतो, एकोणीस वर्षं, टॉवेलच्या. मालकानं माग विकले, मी रिक्षा घेतली. “कान गेले तेवढे मागापायी. घरात बायको म्हणती, वरडू नका.” दुपारपासून मी त्याला उद्धट समजत होते. तो उद्धट नव्हता, तो अजून मागावरून बोलत होता. माझे बाबाही तसेच बोलायचे आणि कोथरूडच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरून तक्रार यायची.

शेजारी विड्यांचं घर होतं ना एक, मैत्रीण सांगायची, असं मी आडून विचारलं. “हिकडच्या लई बाया कुंभारीला गेल्या,” तो म्हणाला. विडी कामगार बायकांची तिथं दहा हजार घरांची वसाहत झाली आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. त्याची मोठी बहीणही तिकडेच. “जायचं काय? अर्ध्या तासात जाऊ.” अव्वा आता असणं शक्य नाही, हा हिशेब मला करता येतो. तिच्या सुना असतील, नाती असतील. मी म्हटलं, नको, उशीर होईल. उशीर होत नव्हता. पाच वाजले होते.

परत येताना तो जुन्या कापडगिरणीच्या बाजूनं आला. मी सांगितलं नव्हतं. संध्याकाळच्या उजेडात ती चिमणी तशीच उभी होती, वर पिंपळ उगवलेली. त्यानं रिक्षा हळू केली आणि आधी मोबाईलवर मला दुसऱ्याच चिमणीचा व्हिडिओ दाखवला, साखर कारखान्याची, २०२३ च्या जूनमध्ये विमानांना अडथळा होतो म्हणून पाडली ती. एवढी मोठी उंच चिमणी कमरेतून वाकली आणि धुळीत बसली. “ही पडली. आन ही जुनी बघा, कुणी पाडंना, कुणी चालवंना.” मग म्हणाला, “हितं लई लोकांचे हाल झाले, मॅडम. माझा सासरा हितंच होता. हिशेब मिळाला नाय शेवटपर्यंत.”

इथे बोलायला हवं होतं.

माझे बाबाही हितंच होते, एवढे चार शब्द. टाइमकीपर. गिरणीच्या भोंग्यावर आमचं घर चालायचं. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला बाबांची सायकल, तिसऱ्याला आमच्या वेण्या. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला कुणी किल्ली देत नसे. मी अकरावीत असताना एका सोमवारी भोंगा झाला नाही. आई पीठ मळून बसून राहिली, भाकऱ्या टाकायची वेळ झाली की नाही तिला कळेना. बाबा तरीही कपडे करून गेले, दुपारी परत आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. वर्षभर जात होते. गेटसमोर मंडप होता, तिथे बसायचे. पुण्याला आल्यावर एका कपड्यांच्या दुकानात ते काउंटरला लागले, आणि येणाऱ्यानं गाव विचारलं की सांगायचे, “इथलाच.” हे मला आईनं फार नंतर सांगितलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. स्वतःचं गाव कुणी असं नाकारतं का, असं काहीतरी मी म्हणाले होते. सोलापूरला आलेली मी, वातानुकूलित ऑफिसात काम करणारी, कुणी मारणार नाही, कुणी नोकरी काढून घेणार नाही. पण ‘इथलीच’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, ‘मग सोडलाव कशाला?’

मी “अच्छा” म्हटलं. त्यानं रिक्षा पुढे घेतली.

स्टेशनात गाडी लागायला अजून पुष्कळ वेळ होता. त्यानं माझी चादरीची पिशवी उतरवून दिली, पाचशेची नोट कपाळाला लावून खिशात घातली आणि म्हणाला, पाण्याची बाटली भरून घ्या, गाडीत महाग मिळती. मग आपणच हसला. “आमच्याकडं तर नळाला चार-पाच दिवसांनी येतंय. उद्या पहाटे हाय आमचा टर्न. जागायला पाहिजे.” मीही हसले. पाण्यासाठी पहाटे उठायचं, पिंप, घागरी, तांबे, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या. आमच्या वेळी एक दिवसाआड यायचं आणि आई म्हणायची, एवढी मोठी झालीस तरी तुला नळ राखता येत नाही. “आमच्या वेळी” हे मी मोठ्यानं बोलले की मनात, ते मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

तो रिक्षा चालू करायला वाकला, थांबला, आणि पुन्हा सरळ झाला. “अक्का,” म्हणाला. दिवसभर मॅडम होते. “त्या मैत्रिणीचं नाव काय म्हणालाव?”

मी माझं नाव सांगितलं. माहेरच्या आडनावासकट.

त्यानं ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं, मान तिरकी करून, मागं कुठंतरी शोधल्यासारखं. “साखर पेठेतच होतो मी बी तवा,” म्हणाला. “काय की. आठवंना.”